न चालवलेली गाडी का बिघडते?

विद्यार्थिमित्रांनो, वापरलेली वस्तू झिजते हे आपण सर्वजण जाणतो. चपलेचा तळ झिजतो, सायकलची साखळी सैल होते, पाट्यावरचे टाके बोथट होतात. जेथे घर्षण तेथे झीज, हा नियम आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. मग जी वस्तू मुळीच वापरली नाही, ती नव्यासारखी राहावयास हवी. पण अनुभव तर उलटा आहे! रोज पन्नास किलोमीटर धावणारी मोटारसायकल एका किकमध्ये सुरू होते आणि वीस वर्षे पडवीत पोत्याखाली उभी असलेली मोटारसायकल जागची हलतसुद्धा नाही. तिला कोणी घासले नाही, आपटले नाही, पळवले नाही. मग ती बिघडली कशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना तुमच्या पाठ्यपुस्तकातील निम्मी प्रकरणे आपल्या मदतीला येतील. उष्णतेने होणारे प्रसरण, वायूंचे नियम, ऑक्सिडीकरण, विद्युत्प्रवर्तन, ओहमचा नियम, गतिज ऊर्जा असे सर्व काही एका जुन्या गाडीत एकत्र सापडते.

उदाहरणादाखल आपण एक बुलेट ३५० घेऊ. मूळची ही गाडी इंग्लंडमधील रॉयल एनफील्ड कंपनीची. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ती आपल्याकडे तयार होऊ लागली. लष्कर, पोलीस, डॉक्टर, बागाईतदार अशा अनेकांनी ती वापरली. अशी एक गाडी तुमच्या आजोबांनी १९७८ साली घेतली, २००३ साली ती पडवीत उभी केली आणि त्यानंतर तिला कोणीही हात लावलेला नाही, असे समजा. आता ती पुन्हा सुरू करावयाची आहे.

पहिला नियम : किक मारू नका

अशी गाडी उजेडात आणली की पोत्याची धूळ झटकायची आणि ताकद लावून किक मारून पाहायची, असा मोह प्रत्येकाला होतो. हा मोह टाळलाच पाहिजे. गाडीने वीस वर्षे उभे राहून जेवढे नुकसान सोसले नसेल, तेवढे नुकसान ही एक किक करू शकते. का, ते समजण्यासाठी इंजिनाच्या आत डोकावू या.

बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७ सेंटिमीटर असतो आणि त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ९ सेंटिमीटर अंतर कापतो. म्हणजे दट्ट्याने व्यापलेले आकारमान

२२/७ × ३.५ × ३.५ × ९ = ३४६.५ घन सेंटिमीटर.

गाडीच्या नावातील ‘३५०’ हा आकडा येथून आला आहे. सिलिंडर बिडाचा असतो आणि दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. दट्ट्यावर बसवलेल्या कड्या, म्हणजे पिस्टन रिंगा, तर सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्याच असतात. चालत्या इंजिनात भिंतीवर तेलाचा पातळ थर असल्यामुळे त्या सहज सरकतात. वीस वर्षांत हे तेल ओघळून खाली गेलेले असते. तेलाच्या जागी काय येते? पाणी आणि गंज.

पाणी आले कोठून?

पडवी कोरडी होती, गाडीवर पोते होते. मग पाणी आत शिरले कसे? याला तीन वाटा आहेत.

पहिली वाट इंजिनाच्या स्वतःच्या कामातून निघते. पेट्रोल हे हायड्रोजन व कार्बन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. ते जळाले की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. ऑक्टेन हे पेट्रोलचे प्रतिनिधी संयुग मानले तर ११४ ग्रॅम ऑक्टेन जळून १६२ ग्रॅम पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम असते. त्रैराशिक मांडा, म्हणजे उत्तर येईल सुमारे १०५० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जाळले की एक लिटरहून थोडे अधिकच पाणी बनते! इंजिन गरम असताना हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. परंतु शेवटच्या फेरीनंतर थोडी वाफ आत राहते, थंड होते आणि तिचे थेंब बनतात. जळताना निर्माण झालेली थोडी आम्लेही जुन्या तेलात मिसळलेली असतात.

दुसरी वाट म्हणजे टाकीचा श्वासोच्छ्वास. पेट्रोल टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. दिवसा टाकीतील हवा तापून प्रसरण पावते व बाहेर पडते. रात्री ती आकुंचन पावते व बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रिकाम्या टाकीत १४ लिटर हवा आहे आणि दिवसाचे ३५ अंश सेल्सिअस तापमान रात्री २० अंशांवर येते असे मानू. केल्व्हिन मापनात हे ३०८ वरून २९३ झाले. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे हवेचे आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी, म्हणजे ०.७ लिटरने कमी होईल. दर रात्री टाकी एवढा ‘श्वास’ आत घेते. पावसाळ्यात त्या श्वासाबरोबर बाष्प येते आणि पहाटे थंड पत्र्यावर त्याचे दव जमते. टाकी आतून गंजते ती अशी.

तिसरी वाट सायलेन्सरची. इंजिन बंद पडताना दट्ट्या कोठे थांबेल हे आपल्या हातात नसते. त्या क्षणी बाहेर जाणाऱ्या वायूची झडप उघडी राहिली असेल, तर सायलेन्सरमधून थेट सिलिंडरपर्यंत बाहेरच्या हवेला मोकळी वाट मिळते. कोकणात ही हवा दमट आणि खारट असते. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढू लागतो, आणि क्षार असले की तो आणखी वाढतो.

गंज जागा व्यापतो

गंजामुळे लोखंड कमी होते, तर मग फट वाढून दट्ट्या सैल व्हायला हवा. तो अडकतो कसा? पुन्हा गणित करू.

५६ ग्रॅम लोखंडाचे आकारमान सुमारे ७.१ घन सेंटिमीटर असते, कारण लोखंडाची घनता ७.९ आहे. या लोखंडापासून ८० ग्रॅम लोह ऑक्साइड तयार होते. त्याची घनता सुमारे ५.२ असल्यामुळे आकारमान भरते १५.४ घन सेंटिमीटर. म्हणजे दुपटीहून जास्त! प्रत्यक्षातला गंज पाणी धरून ठेवणारा व सच्छिद्र असल्यामुळे तो याहूनही फुगलेला असतो. गंज असा फुगतो आणि रिंगा व भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखा घट्ट बसतो. सिमेंटच्या खांबातील सळई गंजली की वरचे सिमेंट फुटून पडते, त्याचेही कारण हेच.

आता अशा अडकलेल्या दट्ट्यावर जोराची किक मारली तर काय होईल? बिडाची रिंग ठिसूळ असते, ती मोडेल. सुटलेला गंज काचकागदासारखा भिंतीवर ओरखडे काढील. ॲल्युमिनियमचा मऊ दट्ट्या खरवडला जाईल. तेल नसलेले बेअरिंग कोरडेच घासले जाईल. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालण्याचा खर्च एका किकने ओढवून घेतला असे होईल.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम स्पार्क प्लग काढतो व त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे पातळ मिश्रण आत सोडतो. केशाकर्षणाने ते बारीक फटीत झिरपते. यासाठी चार दिवस लागोत की पंधरा दिवस, थांबायचे. मग गाडी मुख्य स्टँडवर घेऊन वरचा, म्हणजे चौथा गिअर टाकायचा आणि मागचे चाक हाताने हलकेच पुढेमागे झुलवायचे.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. पहिला गिअर न टाकता चौथा का? गाडी चालताना पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे अनेक फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. म्हणून चाकाला मिळणारे फिरवण्याचे बळ जास्त असते. आता आपण उलट दिशेने जात आहोत, चाकाकडून इंजिनाकडे. म्हणून जो गिअर एरवी चाकाला कमी बळ देतो, तोच आता इंजिनाला जास्त बळ देईल. शिवाय चाक दोन्ही दिशांना थोडे थोडे फिरवता येते. किक एकाच दिशेने आणि धक्क्याने फिरवते. गंजलेली कडी उघडतानाही आपण ती मागेपुढे हलवतो, एकदम ओढत नाही.

हे सर्व करताना प्लग काढलेलाच असला पाहिजे. वायू दाबला जातो, पण द्रव जवळजवळ दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये तेल साचलेले असताना प्लग बसवून दट्ट्या वर ढकलला तर तेलाला जाण्यास जागा राहत नाही आणि त्याचा आघात कनेक्टिंग रॉडवर येतो. तो वाकू शकतो.

न सुटणारा बोल्ट

इंजिनाचे बाह्य कवच ॲल्युमिनियमचे आणि त्यात बसवलेले बोल्ट पोलादाचे. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये ओलावा, म्हणजे एक लहानसा विद्युत्घटच झाला! यात ॲल्युमिनियम हा अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि त्याचे पांढरे ऑक्साइड आट्यांमध्ये घट्ट बसते. पान्याला पाइप लावून जोर केला तर बोल्टचे डोके तुटते.

येथे प्रसरण उपयोगी पडते. एक अंश तापमानवाढीला ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भागांनी वाढते, तर पोलाद सुमारे १२ भागांनी. १० मिलिमीटर व्यासाचे भोक ७० अंशांनी तापवले तर ते ०.०१६ मिलिमीटरने मोठे होईल, बोल्ट मात्र ०.००८ मिलिमीटरनेच फुगेल. फरक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी आहे, परंतु आट्यांमधील पकड ढिली करण्यास तेवढा बहुधा पुरतो. उकळते पाणी ओतून हे साधते. बरणीचे घट्ट झाकण गरम पाण्यात धरून आई जे करते, तेच हे. मात्र पेट्रोलची टाकी जवळ असताना दिवा, स्टोव्ह किंवा ज्योत कदापि वापरू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असू शकते.

पेट्रोलचा डिंक होतो

पाण्याला एक ठराविक उत्कलनबिंदू असतो, पेट्रोलला नसतो. कारण ते अनेक संयुगांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५ अंशांच्या आसपास उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या जवळ जावे लागते. थंड इंजिन पेटते ते या हलक्या घटकांच्या जोरावर. टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून हलके घटक पहिल्या काही महिन्यांतच उडून जातात. उरलेल्या घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो, त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तपकिरी, चिकट डिंक तयार होतो. अशा टाकीचे झाकण उघडले तर पेट्रोलचा वास येत नाही, जुन्या रंगाच्या डब्याचा वास येतो.

हा डिंक सर्वांत जास्त त्रास देतो कार्बोरेटरमध्ये. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हे बर्नुलीचे तत्त्व. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि तेथे दाब कमी झाल्यामुळे पेट्रोल एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढले जाते. हवा व पेट्रोल यांचे वस्तुमानी प्रमाण सुमारे १५ : १ असावे लागते. समजा, जेटचे छिद्र १ मिलिमीटर व्यासाचे आहे आणि त्याच्या कडेला सर्व बाजूंनी ०.१ मिलिमीटर जाडीचा डिंक बसला. व्यास राहिला ०.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ते ६४ टक्केच उरले. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या थराने एक तृतीयांशाहून अधिक वाट बंद केली!

जेट साफ करताना त्यात तार घालू नये. पितळ मऊ असते. तारेने छिद्र मोठे झाले तर वरचेच गणित उलट्या बाजूने लागू होईल. द्रावणात भिजत ठेवणे आणि नंतर हवेचा झोत मारणे, हीच योग्य रीत.

आजच्या पेट्रोलविषयीही दोन शब्द सांगणे जरूर आहे. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. २०२५ साली आपल्या देशात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी एका मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि नेमका तळचाच द्रव नळीतून कार्बोरेटरकडे जातो. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलमुळे फुगतात किंवा मऊ पडतात. तेव्हा त्या इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या घालाव्यात आणि अशा गाडीच्या टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये.

ठिणगीचे गणित

बुलेटची बॅटरी ६ किंवा १२ व्होल्टची असते. पण प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडण्यास हजारो व्होल्ट लागतात. ते येतात कोठून? फॅरेडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युत्प्रवर्तनातून.

कॉईलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एकीत जाड तारेचे थोडे वेढे, दुसरीत बारीक तारेचे हजारो वेढे. पहिलीतून वीजप्रवाह जातो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. मग ‘पॉइंट’ नावाची लहानशी जोडी उघडते, प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या गुंडाळीत फार मोठा विद्युत्दाब प्रवर्तित होतो. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी पडून प्रवाह रेंगाळू नये म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो.

वीस वर्षांत पॉइंटच्या टोकांवर ऑक्साइडचा थर चढतो. समजा, बॅटरी ६ व्होल्टची व पहिल्या गुंडाळीचा रोध १.५ ओहम आहे. ओहमच्या नियमाने प्रवाह ४ अँपिअर. आता थरामुळे आणखी १.५ ओहम रोध वाढला, तर प्रवाह होईल २ अँपिअर, म्हणजे निम्मा. मग ठिणगीची शक्तीही निम्मीच होईल का? नाही. कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ती एक चतुर्थांश होईल! बारीक काचकागदाचा एक हलका हात आणि फीलर गेजने लावलेले सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर, एवढ्याने ती चौपट परत मिळते.

अनेकांना फसवणारी एक गोष्ट आहे. प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून किक मारली तर छान निळी ठिणगी दिसते. पण प्लग आत बसवला की गाडी सुरू होत नाही. असे का? हवेतून ठिणगी जाण्यास लागणारा विद्युत्दाब हवेच्या घनतेबरोबर वाढतो. बाहेर हवेचा दाब एक वातावरण. आत दट्ट्याने वायू दाबलेला असतो. आकारमान सहापट कमी झाले असे धरले तर वायूची घनता सहापट होते. तेवढाच प्लग, तेवढेच अंतर. पण ठिणगी पाडण्याचे काम कितीतरी अवघड. म्हणजे बाहेरची परीक्षा सोपी आणि आतली कठीण. बाहेर उत्तीर्ण झालेली कॉईल आत नापास होऊ शकते.

बॅटरी आणि रबर

जुनी शिसे-आम्ल बॅटरी वापरात नसतानाही आपोआप विसर्जित होत जाते. तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक तयार होतात. लगेच प्रभारित केले तर ते विरघळतात, पण वर्षानुवर्षे तसेच राहिले तर मोठे व कठीण होतात आणि मग ते परत फिरवता येत नाहीत. वीस वर्षांची बॅटरी वाचवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. तिच्यात गंधकाम्ल व शिसे दोन्ही असल्यामुळे ती उकिरड्यावर न टाकता बॅटरीच्या दुकानात परत द्यावी.

टायरची नक्षी शाबूत असते, म्हणून तो चांगला आहे असे वाटते. त्याची बाजू वाकवून पाहा. बारीक भेगांचे जाळे दिसेल. रबराच्या लांब रेणूंमध्ये दुहेरी बंध असतात. हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा ओझोन नेमका या बंधांवर हल्ला करतो व रेणू तुटतात. ताणलेल्या रबरावर हा परिणाम भेगांच्या रूपाने दिसतो. एवढ्या जुन्या टायरवर गाडी कधीही चालवू नये. नक्षी कितीही खोल असो, टायर बदललाच पाहिजे.

आधी थांबणे, मग धावणे

इंजिन सुरू झाले की सर्वांना आनंद होतो आणि गाडी लगेच रस्त्यावर काढली जाते. येथेच खरा धोका आहे. स्वारासह गाडीचे वस्तुमान २४० किलोग्रॅम आणि वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, धरा. गतिज ऊर्जा होते सुमारे २३ हजार ज्यूल. हीच गाडी सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली पडली तर जमिनीवर पोचताना तिची ऊर्जा एवढीच असेल. ही सर्व ऊर्जा ब्रेकच्या दोन ड्रमना उष्णतेत रूपांतरित करावयाची असते. म्हणून ब्रेकची तार, शू, स्प्रिंगा आणि चाकांची बेअरिंगे यांचे काम इंजिनाच्या आधी पुरे करावे. बेअरिंगमधील जुने ग्रीस वाळून मेणासारखे झालेले असते. रॉकेलने धुऊन ते नवीन भरावे लागते.

जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेले असू शकते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर गंभीर रोग होतात. ड्रममधील धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत बंद करून टाकून द्यावे.

आणि मग किक

टाकी स्वच्छ झाली, जेट मोकळा झाला, पॉइंट चकाकले, जुने तेल काढून नवीन भरले, ब्रेक लागू लागले. तरीही किकची वेळ आली नाही. प्लग काढून ठेवून इंजिन हाताने व किकने सावकाश पुष्कळ वेळा फिरवावे. यामुळे तेलाचा पंप तेल सर्वत्र पोचवतो. इंजिनाच्या डोक्यावरील रॉकरचे झाकण काढून तेल तेथपर्यंत आले की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

मग प्लग बसवा. आता दट्ट्या वर येताना वायू दाबला जाईल. बाहेरची हवा ३०० केल्व्हिन आणि आकारमान सहापट कमी झाले असे धरले, उष्णता मुळीच निसटली नाही असे मानले, तर वायूचे तापमान ६०० केल्व्हिनच्या वर आणि दाब सुमारे १२ वातावरणे होतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर असल्यामुळे त्यावर साडेचारशे किलोग्रॅमहून अधिक भार येतो! प्रत्यक्षात किकच्या संथ गतीत तो कमी असतो, तरीही पाय उलट फेकला जाण्याइतका असतो. म्हणूनच बुलेटला डीकॉम्प्रेसर दिलेला आहे. तो दाबला की दाबलेला वायू निसटतो आणि दट्ट्या सर्वोच्च बिंदूच्या किंचित पुढे सहज नेता येतो. त्यानंतर डीकॉम्प्रेसर सोडून, किक पूर्ण वर येऊ देऊन, पायाचा संपूर्ण भार देत ती खाली न्यायची.

पहिली सुरुवात नेहमी उघड्यावर करावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा शेकडो पटींनी घट्ट जोडला जातो. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे म्हणजे प्राणाशी खेळ. आणि विद्यार्थिमित्रांनो, पेट्रोल, आम्ल व जड भाग हाताळण्याचे काम जाणत्या मिस्त्रीच्या बरोबरच करा. गाडी चालवण्याचे काम परवाना मिळाल्यावर.

काय बदलावे, काय राखावे?

रंग नवा, क्रोम नवे, सीट नवी, दिवे नवे असे करत गेलो तर शेवटी आजोबांची गाडी उरते किती? सुरक्षिततेशी संबंध असलेले टायर, नळ्या, ब्रेकचे शू, तारा हे भाग बिनदिक्कत बदलावेत. पण टाकीवरची मूळची सोनेरी रेघ, झिजलेले पायाचे रबर, इंजिनावर ठोकलेला क्रमांक हा त्या यंत्राचा इतिहास आहे. तो पॉलिशने पुसून टाकला की परत येत नाही. याला कायद्याचाही आधार आहे. केंद्र शासनाने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते व तिला वेगळ्या मालिकेतला क्रमांक मिळतो. १९७८ ची आपली गाडी २०२८ साली त्या वयाची होईल. तोपर्यंत तिचे मूळ भाग डब्यात घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवा. जुनी नोंदणीपुस्तिका तर जपाच.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. न चालवलेली गाडी बिघडते, कारण ती उभी असली तरी तिच्यातील अणुरेणू उभे नसतात. लोखंड ऑक्सिजनकडे परत जाऊ पाहते, पेट्रोलचे रेणू एकमेकांना धरतात, शिसे गंधकाशी जखडते, रबर तुटते. चालणारी गाडी दररोज गरम होऊन पाणी बाहेर टाकते, भिंतीवर तेल फासते, बॅटरी भरते, ताजे पेट्रोल घेते. चालणे ही झीज खरी, पण ती देखभालही आहे.

करून पाहा (शिक्षकांच्या उपस्थितीत)

१. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. प्लॅस्टिकच्या भांड्यात हे पाणी घेऊन त्यात एक गंजलेला बोल्ट व एक साधा लोखंडी पत्रा एकमेकांना न टेकता लोंबकळत ठेवा. बोल्ट ६ किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकाला व पत्रा धन टोकाला जोडा. दोनतीन तासांनी बोल्ट ब्रशने घासा. गंजाचे काय झाले? येथे हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून प्रयोग मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करा. सोड्याऐवजी मीठ वापरू नका, विषारी क्लोरीन निर्माण होतो. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नसावा आणि बोल्टवर क्रोम किंवा जस्ताचा मुलामा नसावा.

२. एक रबरबँड ताणून पट्टीवर चढवा व खिडकीबाहेर ठेवा. दुसरा न ताणता बंद डब्यात ठेवा. महिनाभर दर आठवड्याला भिंगातून पाहून नोंद करा.

विचार करा

१. गाडी दीर्घ काळ उभी करावयाची असेल तर दोन्ही झडपा बंद राहतील अशा स्थितीत इंजिन का थांबवावे?

२. धातूची टाकी बंद ठेवताना ती एक तर पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी करून आतून तेल लावलेली असावी, अर्धी नसावी. का?

३. ताशी ५० ऐवजी ताशी १०० किलोमीटर वेग असेल तर आपल्या गाडीची गतिज ऊर्जा किती मीटर उंचीवरून पडण्याइतकी होईल?